चौथ्या मजल्यावरची वेदी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.
या वहीला खाकी कव्हर घालत होतो. तेवढ्यात आई दूध घेऊन आली आणि म्हणाली, सिनेगॉगचं छत पडलं. सगळं नाही. रेब ग्रोनेम (रेब म्हणजे आमच्यातलं राव) ज्या खुर्चीवर बसून शिकवतात तिच्यावर टोपलीभर गिलावा आणि पाणी. खुर्ची रिकामी होती, देवाची कृपा. आई म्हणाली, येरुशलेममध्ये हिवाळ्यात पाऊस पडतो हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

नोंदीसाठी: दुरुस्तीला तीन आठवडे. तोपर्यंत प्रार्थना मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये. पण प्रार्थना संपली की तिथला पहारेकरी किल्ल्या वाजवायला लागतो. म्हणजे संध्याकाळच्या तालमूदच्या, आमच्या अनेक ग्रंथांच्या धर्मशास्त्राच्या, वर्गाला जागा नाही. आम्ही आठ जण. बाकीचं जग रोज एक पान शिकतं, आम्ही अर्धं. घाई कोणाला आहे.

आजपासूनचे संकल्प. पहाटे साडेपाचला उठणे. रोजचा भाग आदल्या दिवशी वाचून ठेवणे, म्हणजे रेब ग्रोनेमनी प्रश्न विचारला की मला चष्मा पुसत बसावं लागणार नाही. पाठशाळा एकोणिसाव्या वर्षी सोडली हे स्वतःहून कुणाला न सांगणे. (हे फक्त विचार. नवस नव्हेत. आमच्यात तोंडून निघालेला शब्द नवस ठरतो आणि नवस फेडावाच लागतो, म्हणून मी प्रत्येक वाक्याला हे शेपूट जोडतो. आई म्हणते, तू मीठ मागतानाही जोडतोस.)

उद्या इत्ताशी दुसरी भेट. इत्ता म्हणजे रेब काल्मन चष्मेवाल्यांची मुलगी, बालवाडीत शिकवते. रेब काल्मन आमच्याच वर्गात, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतात. स्थळ आणणाऱ्या मिंदेलबाईंना त्यांनी सांगून ठेवलंय, मुलगा कमी शिकलेला चालेल, पण रोज शिकणारा हवा. हे वर्णन माझंच आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ९.
हॉटेलच्या लॉबीत एक तास पन्नास मिनिटं. पहिली भेट पन्नास मिनिटांची होती. प्रगती स्पष्ट.

इत्तानं विचारलं, सध्या काय शिकता. मी सुरुवातीपासून सांगितलं. पूर्वी बळी कुठे द्यायची परवानगी होती आणि कुठे नाही. वाळवंटात पवित्र तंबू उभा राहण्याआधी ज्यानं त्यानं आपापली वेदी रचावी. तंबू उभा राहिला, बंद. आमचे पूर्वज गिलगालला पोचले, पुन्हा परवानगी. शिलोला खाली दगडी भिंती, वर कापडाचं छत, पुन्हा बंद. नोव आणि गिवोनला परत परवानगी. येरुशलेमला मंदिर झालं आणि मग कायमची बंद. ती म्हणाली, बालवाडीत असं काही असलं की आम्ही चित्र काढून दाखवतो. मी लगेच पेपर नॅपकिनवर शिलोचा नकाशा काढला. मापं हातात धरली, म्हणजे अंदाजे.

निघताना नॅपकिन ती टेबलावरच विसरली. भारावली असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी, छापखान्यात.
मिंदेलबाई फोन उचलत नाहीत. शेजारीण म्हणाली, त्या सकाळीच लंडनला गेल्या, मुलीचं बाळंतपण. विचार केला. स्थळ आणणारी बाई ऐन वेळी देश सोडून जाते, याचा अर्थ तिचं काम झालंय. कन्फर्म.

आज भिंतीवर लावायची तीन पत्रकं जुळवली. दोन निधनाची, एक हरवलेल्या छत्रीचं. एकही चूक नाही. तिसऱ्याच्या मध्येच मला सुचलं. आमचं सिनेगॉग आत्ता उभं नाही. मुख्य जागा उभी नसेल तेव्हा काय होतं? खाजगी वेदीला परवानगी. आपण गिलगालच्या काळात आहोत. तर वर्ग माझ्या घरी का भरू नये?

आणखी पुढे पाहिलं तर पान ११३ वर लिहिलंय, खाजगी छोट्या वेदीला पुरोहित लागत नाही, पोशाख लागत नाही, पवित्र भांडी लागत नाहीत. कुणीही साधा माणूस चालतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. का ते लिहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.
पहिला वर्ग. अनशेल मासळीवाल्याकडून चार घडीच्या खुर्च्या आणल्या. अनशेल आमच्या वर्गातलाच, चाळिशीचा, त्याला शिकण्यापेक्षा बोलायला आवडतं. म्हणाला, फिशेल, आपण गिलगालला आहोत म्हणतोस, पण खिडकीबाहेर बघ ना लेका. येरुशलेम आहे. इथे बंद म्हणजे कायमची बंद, मंदिर असो नसो. तूच शिकलास ना ते? मी म्हणालो, हा दृष्टांत आहे. तो म्हणाला, मग दृष्टांताला लिफ्ट बसवून घे.

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता हे मान्य करतो. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. रेब ग्रोनेमचे गुडघे दुसऱ्या मजल्यापर्यंत आले. मग ते पायरीवर बसले आणि म्हणाले, माझी वेदी इथपर्यंतच. वरून मी विचारलं, रेब ग्रोनेम, आजचा भाग? ते खालून म्हणाले, पुरोहित लागत नाही असं तू सगळ्यांना सांगितलंयस ना, मग घे सुरू करून.

मी घेतलं. एक ओळ आणि अर्धी. खोलात गेलो.

आईनं बटाट्याचं कुगेल केलं होतं. ओव्हनमधून काढलेलं, वरून कुरकुरीत. सगळे म्हणाले वर्ग छान झाला.

९ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ८ वाजून २० मिनिटे.
अक्षर बिघडलं तर बिघडो, आधी लिहून काढतो.

आज सहा जण. आईनं पुन्हा कुगेल केलं. रेब काल्मन धापा टाकत चार मजले चढून आले, कोपऱ्यात बसले, दोन तुकडे खाल्ले. दारातच म्हणाले होते, फिशेल, दोन मिनिटं बोलायचं होतं. मी म्हटलं, वर्गानंतर. (शिक्षकानं वेळ पाळावी.)

वर्गाच्या शेवटी अनशेल म्हणाला, गुरुवारपर्यंत तुझी वेदी विझणार, माझ्याकडून लिहून घे. रेब काल्मन ऐकत होते. मला काय झालं कोण जाणे. मी उठलो, पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणालो, हा ग्रंथ संपेपर्यंत वर्ग रोज याच टेबलावर भरेल, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतःच्या हातचं गरम कुगेल देईन.

 आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. रेब काल्मन हळूच म्हणाले, तू शेपूट जोडलं नाहीस.

खरंच जोडलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणालो, मनात म्हटलं होतं. रेब काल्मन म्हणाले, मन हिशेबात नसतं, ओठ असतात. मग टोपी घातली आणि गेले. ती दोन मिनिटं राहूनच गेली.

शांतपणे विचार केल्यावर वाटतं, जे झालं ते उत्तम झालं. सासरा होणाऱ्या माणसासमोर इतका मोठा नवस बोलणारा मुलगा येरुशलेममध्ये दुसरा नसेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
आई म्हणाली, स्वतःच्या हातचं म्हणालास, तर हात तुझे. नवस तू बोललास, बटाटे तू किस. तीन किलो. अंगठ्याला पट्टी.
उपस्थिती ६.

११ फेब्रुवारी, बुधवार.
तर्जनीला पट्टी. उपस्थिती ५. रेब काल्मन पुन्हा आले, वर्गाच्या आधी वीस मिनिटं. चार मजले, त्यांच्या वयाला. म्हणाले, फिशेल, बस जरा. माझे दोन्ही हात पिठात होते, त्यामुळे मी उभ्यानंच ताट पुढे केलं. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, खिडकीबाहेर पाहिलं, म्हणाले, तू कष्टाळू आहेस. मी म्हटलं, अजून भरपूर आहे, संकोच करू नका. ते म्हणाले, नाही, संकोच नाही, आणि मग बाकीचे आलेच.

इतकी ओढ मी कुणाच्या वडिलांत पाहिली नव्हती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.
शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लागायला अजून वेळ आहे तोवर लिहितो. आता उद्या रात्रीपर्यंत लेखणीला हात नाही. शुक्रवारी वर्ग भरत नाही, याबद्दल नवसात काही म्हटलंय का ते आठवून पाहिलं. रोज म्हटलंय. किस. उपस्थिती: मी.

१५ फेब्रुवारी, रविवार.
विश्वासघात. अनशेलनं आपल्या मासळीच्या दुकानाच्या मागे वर्ग सुरू केला. तळमजला. रेब ग्रोनेम तिथे पालथ्या क्रेटवर बसून शिकवतात, बाजूला हौदात मासे. अनशेलनं दारावर पाटी लावलीय: नोव आणि गिवोन, पायऱ्या नाहीत. मी भिंतीवर लावायला उत्तर छापलं, मोठ्या अक्षरात, नवे वर्ग धर्माला धरून नाहीत. लावायला गेलो तर अनशेलच म्हणाला, आण, मी लावतो, तुझा हात दुखत असेल. आणि खरंच लावलं. स्वतःच्याच दुकानावर.

माझ्याकडे तीन जण. त्यातला एक खालच्या मजल्यावरचा, त्याला वास आला म्हणून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
शिकवताना अडलो. बाहेर कापलेल्या बळीबद्दल दोन मतं आहेत आणि मी दोन्ही एकाच माणसाच्या नावावर घातली. आई दाराआडून म्हणाली, उलट आहे. मी म्हटलं, आई, तू कुठे शिकलीस? ती म्हणाली, माझे वडील भांडी घासताना मोठ्यानं पाठ करायचे, पुसायला मीच असायचे. वर्गाला आलेल्या दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न तिलाच विचारला. ती आत निघून गेली, पण उत्तर देऊनच.

रेब काल्मन तिसऱ्यांदा आले. तीन तुकडे. जाताना माझा खांदा धरला आणि म्हणाले, फिशेल, माणसानं मन घट्ट ठेवावं. हा लग्नाआधीचा उपदेश आहे, माझ्या मावसभावालाही त्याच्या सासऱ्यानं असंच काहीसं सांगितलं होतं.

हिशेब केला. या ग्रंथाची सात पानं उरलीत, पाठपोट. दिवसाला दीड ओळ या वेगानं ग्रंथ माझ्या टेबलावर पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात संपेल. बटाटे सुमारे आठशे किलो. काही हरकत नाही. माणसाला शिस्त लागते. (हा विचार आहे. नवस नव्हे.)

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
उपस्थिती १. रेब काल्मन.
आम्ही दोघंच. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, म्हणून मी त्यांना पूर्ण पाऊण तास शिकवलं. ते मध्ये दोनदा म्हणाले, फिशेल, ऐक. मी म्हटलं, हा मुद्दा संपू दे. संपला तेव्हा त्यांनी चार तुकडे संपवले होते आणि त्यांची खुर्ची खचली होती. मी त्यांना उठवलं. ते म्हणाले, तुझं वय काय? मी म्हटलं, चोवीस. ते म्हणाले, मग काय, सगळं आयुष्य पडलंय. म्हणजे लग्न उन्हाळ्यानंतर धरायचं दिसतं.

आई जेवताना म्हणाली, त्या माणसाला तू बोलू देतोस का कधी? मी म्हटलं, तो शिकायला येतो.  ती ताट उचलून घेऊन गेली.

२२ फेब्रुवारी, रविवार.
छत झालं. सिनेगॉग उघडलं. नवा गिलावा पांढरा स्वच्छ, नव्या दिव्यांत डोळे दिपतात. अनशेलनं स्वतःचा वर्ग एका वाक्यात बंद केला. म्हणाला, मंदिर उभं राहिलं, नोव आणि गिवोन आटोपले, मासे आज वीस टक्के स्वस्त. रेब ग्रोनेम परत आपल्या खुर्चीवर. सगळे तिथे जाऊन बसले आणि त्याच वेळी मी वर आठ ताटल्या मांडून बसलो होतो. अर्ध्या ओळीनंतर थांबलो. मोठ्यानं वाचावं की मनात, हे नवसात स्पष्ट नाही.

मुख्य जागा उभी राहिल्यावर बाहेर बळी देणाऱ्याला काय शिक्षा ते पुढच्याच बाजूवर आहे. ती बाजू मी वाचली नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
छापखान्यात पत्रक जुळवताना बोटांच्या पट्ट्यांमुळे दोन अक्षरं उलटी लागली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मालक नुसता कागद माझ्यासमोर ठेवून गेला. हे जास्त लागलं.

नवसातून सुटायचा रस्ता आहे, लहान मुलालाही माहीत असतो. तीन माणसं न्यायाधीश म्हणून बसतात. त्यांच्यापुढे सांगायचं, हे आधी कळलं असतं तर मी बोललोच नसतो. पण ती गोष्ट नवस बोलताना आधीच जगात असायला हवी. मागाहून घडलेलं चालत नाही. तिघांना विचारलं. बाकीच्यांना सकाळी कामं, उरले रेब ग्रोनेम, अनशेल आणि रेब काल्मन. रेब काल्मन समोर असणं थोडं अवघड आहे. पण स्वतःची चूक मान्य करणारा जावई कुणाला नको असतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९ वाजून ५ मिनिटे.
सकाळच्या प्रार्थनेनंतर ते तिघे बाकावर बसले, मी समोर उभा. मी नवस म्हणून दाखवला, शब्दाला शब्द.

रेब ग्रोनेमनी विचारलं, वर्ग ओस पडेल हे माहीत असतं तर? मी हो म्हणणार इतक्यात रेब काल्मनच म्हणाले, तो नंतर पडला, चालणार नाही. अनशेल म्हणाला, छत खरंच तीन आठवड्यांत होईल हे माहीत असतं तर? रेब ग्रोनेम म्हणाले, तेही नंतरचं. अनशेल म्हणाला, बटाटे? रेब ग्रोनेम म्हणाले, बटाटे किसावे लागतात हे आदमपासून सगळ्यांना माहीत आहे. अनशेल म्हणाला, तुमचे गुडघे? ते आधीचेच. रेब ग्रोनेम म्हणाले, आधीचे, पण याला ठाऊक होते, मला पायरीवर सोडूनच हा वर गेला.

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, असं आम्ही अंधारात चाचपडणार. तू सांग, बोललास कशासाठी? खरं सांग, खोट्या कारणावर नवस सुटत नाही.

मी पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. म्हणालो, रेब काल्मननी मला पाहावं म्हणून. इत्तासाठी.

 अनशेल मान वर करून नवं छत बघत बसला. रेब काल्मननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, तर मग एक गोष्ट आहे. आधीचीच आहे. इत्तानं चार तारखेला नाही म्हणून सांगितलं. मिंदेलबाई विमानाच्या घाईत होत्या, म्हणाल्या, तुम्ही एकाच वर्गात आहात, तुम्हीच सांगा. मी चार वेळा चढलो रे. पहिल्या वेळी तू पुस्तकावर हात ठेवून उभा राहिलास. मग दर वेळी ताट पुढे. तोंडात तुझाच घास घेऊन तुला ते कसं सांगायचं?

मी विचारलं, का नाही म्हणाली? ते म्हणाले, मुलगा चांगला आहे म्हणाली. पण दोन तासांत मला एक प्रश्न विचारला नाही म्हणाली. मी आठवून पाहिलं. एक विचारला होता. वेटरला.

रेब ग्रोनेमनी डोळे मिटले आणि रीतसर विचारलं, फिशेल, चार तारखेला नकार झालाय हे नऊ तारखेला तुला माहीत असतं, तर हा नवस बोलला असतास? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, पन्नास वर्षं हे काम करतोय, इतकं उघडं दार पाहिलं नाही. मग तिघांनी मिळून तीनदा म्हटलं, मोकळा, मोकळा, मोकळा. रेब काल्मनचा आवाज सगळ्यात हळू होता.

घरी आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, मला गेल्या आठवड्यातल्या मंगळवारीच कळलं होतं. कुगेलसाठी माणूस चार मजले दोनदा चढतो. तिसऱ्यांदा चढला तर कारण वेगळं असतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू ऐकत होतास कुठे, तू शिकवत होतास. मग तिनं माझ्या अंगठ्याची पट्टी बदलली.

संध्याकाळी वर्गाला जाणार आहे. माझी खुर्ची, रेब काल्मनपासून दोन सोडून. बघू.

झालेला खर्च. बटाटे ३६ किलो, १८० शेकेल. अंडी ७२, ८४ शेकेल. तेल ६ बाटल्या, ७२ शेकेल. पत्रकाचा कागद, २० शेकेल. एकूण ३५६.
देणं. अनशेलला मोडलेल्या खुर्चीचे ६०. आईला नव्या किसणीचे २५. एकूण ८५.
रेब काल्मन यांनी खाल्लेले तुकडे ११. पैकी २ आईच्या हातचे, ते या हिशेबात धरलेले नाहीत.